सणासुदीचे एकाकीपण

आपल्या भाषेत 'एकांत' आणि 'एकाकीपणा' असे दोन निराळे शब्द आहेत, ही मोठी सोयीची गोष्ट आहे. एकांत माणूस मागून घेतो. एकाकीपणा त्याच्यावर येऊन पडतो. चाळीस वर्षे भरल्या घरात काढलेल्या माणसाला दुपारी दार लोटून तासभर एकांत मिळाला, तर तो त्याला प्रसादासारखा वाटतो. उलट पंचवीस माणसे जमलेल्या दिवाणखान्यात, फराळाची बशी मांडीवर घेऊन बसलेली एखादी वृद्ध बाई अगदी एकाकी असू शकते. शिकागो विद्यापीठातील जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञाने या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला होता. २०१८ साली ते वारले. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, भोवती माणसे किती आहेत यावर एकाकीपणा ठरत नाही. मनाला हवा असलेला संबंध आणि प्रत्यक्षात लाभलेला संबंध यांत जे अंतर असते, त्यावर तो ठरतो.

हे अंतर वर्षाच्या इतर दिवशी झाकलेले असते. दूध येते, वर्तमानपत्र येते, औषधाची वेळ होते, आणि दिवस कसाबसा कलतो. सणाच्या दिवशी ते उघडे पडते. कारण सण म्हटला की मनात आपोआप मोजदाद सुरू होते: यंदा कोण आले, कोण आले नाही, गेल्या वर्षी पाटावर कोण बसले होते आणि या वर्षी तो पाट कोणी उचलून ठेवला आहे. तरुण माणूस ही मोजदाद करीत नाही, त्याला सवडच नसते. वृद्ध माणसाजवळ सवडीवाचून दुसरे फारसे काही उरलेले नसते.

आज मला दिवाळीविषयी बोलायचे आहे, आणि त्यातही आपल्याच घरात राहणाऱ्या वृद्धांविषयी अधिक. वार्धक्यातील एकाकीपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वृद्धाश्रमाचा व्हरांडा येतो किंवा मुले परदेशी गेलेले एखादे बंद घर येते. ही चित्रे खोटी नाहीत. तथापि २०११ च्या जनगणनेत साठी उलटलेल्यांची संख्या भारतात १० कोटींच्या वर गेलेली होती, आणि २०१७-१८ मध्ये वार्धक्याविषयी जी देशव्यापी पाहणी झाली, तीत या वयाची अगदी एकटी राहणारी माणसे शेकडा सहाच्या आसपास आढळली. म्हणजे बहुसंख्य वृद्ध कुटुंबातच राहतात. सणाच्या दिवशी ते एकाकी होत असतील, तर ते भरल्या घरात होतात. म्हणून 'त्यांना भेटायला जा' एवढ्या उपदेशाने या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

मग नेमके होते काय? माझ्या समजुतीप्रमाणे, सण त्यांच्या हातांतून काढून घेतला जातो.

दिवाळी पूर्वी हातांनी होत असे, हे आपण आता विसरत चाललो आहोत. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज त्यांचे पाणी बदलायचे, मग ते निथळून, कुटून, गुळात मळून त्यांचा गोळा मुरत ठेवायचा. अनारसा खसखशीवर थापायचा, तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची आणि तो उलटायचा नाही. तूप कमी तापले किंवा पीठ सैल झाले की अनारसा कढईत पसरतो. त्याला आपल्या बायका अनारसा 'हसला' म्हणतात. हा शब्द ज्या बाईने वापरला असेल, ती कढईपुढे किती दिवाळ्या बसली असेल! चकलीच्या भाजणीत कोणते धान्य किती, शंकरपाळ्यांना मोहन किती, चिवड्याची फोडणी केव्हा उतरायची, हे सारे ज्ञान एका माणसाच्या बोटांत असे, आणि दिवाळीच्या आधीचे आठ दिवस त्या माणसाला घरात राज्याभिषेक झालेला असे. पुरुषांचेही तसेच होते. कामट्या तासून आकाशकंदिलाचा सांगाडा बांधणे, त्यासाठी कणकेची खळ शिजवून घेणे, नरकचतुर्दशीला सर्वांच्या आधी उठून बंब पेटवणे, एकेका पोराला हाक मारून उठवणे, अंघोळीनंतर पायाखाली चिरडायची कारिटे आधीच आणून ठेवणे — ही आजोबांची खाती होती. त्यांत कोणी ढवळाढवळ करीत नसे.

आता फराळ दुकानातून येतो, कंदील विजेचा असतो, पाणी तापवायला बटन आहे. याबद्दल मी तक्रार करीत नाही. नोकरी करणाऱ्या सुनेने रात्री बारापर्यंत करंज्यांना मुरड घालीत बसावे, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः मुरड घालून पाहावी. परंतु या सोयींबरोबर घरात एक वाक्य आले आहे. ते फार प्रेमाने बोलले जाते. 'आई, तुम्ही आता काही करू नका. नुसत्या आरामात बसा.' बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. ऐकणारीला मात्र त्यातून एवढेच कळते की आपले काम संपले. जिच्यावाचून सण होत नव्हता, ती आता सणाची पाहुणी झाली. पाहुण्याने चार दिवसांनी परत जायचे असते. हिने कोठे जायचे?

बडोद्यास माझ्या परिचयाचे एक मराठी कुटुंब आहे. घरातल्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या. हाताला कंप, डोळ्यांनी अंधूक दिसते. चार-पाच दिवाळ्या त्यांनी खिडकीशी बसून काढल्या, आणि दर दिवाळीत त्यांचे बोलणे कमी कमी होत गेले. एका वर्षी सुनेने त्यांची खुर्ची स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि सांगितले, 'भाजणी मी भाजते, पण झाली की नाही ते तुम्ही सांगायचे.' डोळे गेले तरी नाक शाबूत होते. आजी नुसत्या वासावर सांगू लागल्या: डाळ झाली, उतरव, तांदूळ अजून कच्चे आहेत, धने शेवटी घाल, जळतील. नातीने ती सगळी मापे वहीत उतरून घेतली. मापे 'मूठ', 'चिमूट' आणि 'आपली नेहमीची वाटी' अशी होती, त्यामुळे ती नेहमीची वाटी शोधण्यात एक दुपार गेली. दुसऱ्या दिवशी चकलीत तिखट किती यावरून सासूसुनांचे चांगलेच वाजले. मला ते भांडण फार शुभ वाटले. खिडकीशी बसलेल्या बाईशी कोणी भांडत नसते.

वृद्ध माणसाला काम द्यायचे ते त्याच्या शक्तीला झेपेल असे, पण खरे द्यावे. खोटे काम त्यांना ताबडतोब ओळखू येते. ज्यांनी स्वतः मुलांना गप्प बसवण्यासाठी कणकेचा गोळा खेळायला दिला आहे, त्यांना आपण देत असलेला कणकेचा गोळा कळणार नाही काय? पाकिटांवर नावे घालणे, कोणाच्या घरी काय द्यायचे त्याची यादी सांगणे, नातवंडांना नात्यांची साखळी उलगडून दाखवणे, पूजेची मांडणी सांगणे, ही कामे अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा करू शकतो. अट एकच आहे, त्याने सांगितलेले आपण ऐकले पाहिजे. लक्ष्मीपूजनाचे ताम्हन डावीकडे ठेवा म्हटले, तर डावीकडेच ठेवावे.

दुसरी गोष्ट कानांची. तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण घरोघर तिचा विचार सर्वांत कमी होतो. वयाबरोबर जे ऐकू येणे कमी होते, त्यात साधारणपणे उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. बोलण्यातले स्वर ऐकू येतात; स, श, क, थ, फ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. म्हणून 'भात वाढू का?' या प्रश्नाला 'होय, सात वाजून गेले' असे उत्तर येते आणि सगळे हसतात. हसण्यात दुष्टावा नसतो. पण दोन वेळा असे झाले की तो माणूस बोलायचे बंद करतो आणि सर्वांबरोबर नुसता हसू लागतो. दिवाळीच्या घरात एकाच वेळी चार जण बोलत असतात, दूरदर्शन संच चालू असतो, बाहेर फटाके वाजत असतात. या गलबल्यातून एक आवाज निवडून घेणे त्या कानांना जमत नाही. आपण समजतो, आजोबा मजेत आहेत, हसत आहेत. वस्तुतः ते तीन तास एका परक्या भाषेच्या देशात बसलेले असतात.

याला उपाय अगदी साधे आहेत. संच बंद करावा. त्यांच्या समोर, उजेडात बसावे, म्हणजे ओठ दिसतात. एक कान दुसऱ्याहून बरा असतो. तो कोणता हे विचारून त्या बाजूला बसावे. ओरडू नये. ओरडल्याने चेहरा रागावलेला दिसतो आणि शब्द अधिकच फाटतो. थोडे सावकाश बोलावे. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता निराळ्या शब्दांत सांगावे. आणि सर्वांनी एकदम गराडा घालण्याऐवजी एकाने शेजारच्या खोलीत नेऊन अर्धा तास बोलावे. श्रवणयंत्र असेल तर सणाआधी त्याची बॅटरी पाहावी. ते खणात पडलेले असण्याचा संभव बराच आहे; ते का वापरत नाही, हेही न रागावता विचारावे.

डोळ्यांचीही तीच कथा. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजना'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि तेव्हापासून दिवाळीत अंक वाचणे हे मराठी माणसाच्या फराळाचेच एक पक्वान्न होऊन बसले. जन्मभर पाच-पाच अंक विकत घेणाऱ्या माणसाला मोतीबिंदूने किंवा पडद्याच्या विकाराने वाचता येईनासे झाले, की आपण त्याला अंक भेट देणे बंद करतो. अंक अवश्य द्यावा, आणि बसून त्यातली एक कथा वाचून दाखवावी. कथा वाईट निघाली तर फारच उत्तम. दोघांना मिळून नावे ठेवता येतात.

आता जरा नाजूक भागाकडे येतो. दिवाळीचे दिवस सगळे सारखे नसतात. पाडव्याला पत्नी पतीला ओवाळते आणि भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते. ज्याचे माणूस गेले आहे, त्याला या दोन दिवसांची वाट दसऱ्यापासूनच डोंगराएवढी दिसू लागते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात साठीपुढच्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या विधवा होत्या; पुरुषांत विधुरांचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास होते. म्हणजे पाडव्याच्या दिवशी लाखो घरांत एक बाई काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत जाते. तिला तेथे कोणी पाठवलेले नसते, असे आपण म्हणतो. ते पुरते खरे नाही. हळदीकुंकू, ओवाळणे, ओटी या सगळ्यांपासून तिला पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले आणि आता ती आपण होऊनच दूर राहते. हा एकाकीपणा वयाने दिलेला नाही, रूढीने दिला आहे, आणि म्हणून तो आपल्याला काढून टाकता येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसेच करावे असे सुचवले. ठरावाने मन लगेच बदलते असे नाही. पण घरातल्या घरात एवढे तर करता येईल: नरकचतुर्दशीच्या पहाटे नातवंडांना पहिले ओवाळायचे तबक आजीच्या हाती द्यावे. ती नको म्हणेल, दोनदा म्हणेल. तिसऱ्यांदा विचारावे.

ज्या बहिणीला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, ही आपली जुनी पद्धत. सत्तरी ओलांडलेल्या किती बायकांचे सारे भाऊ गेलेले असतात! द्वितीयेची कोर फार वेळ राहत नाही, सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते. कोणीतरी त्यांना हाताला धरून वेळेवर गच्चीत नेले पाहिजे, आणि तेथे त्या भावांविषयी बोलू लागल्या तर विषय बदलू नये. सणाच्या दिवशी गेलेल्यांचे नाव काढू नये, रडू येईल, असा एक समज आहे. रडू येते, हे खरे. पण नाव न काढल्याने ते माणूस विसरले जात नाही. फक्त विसरल्याचे नाटक घरातल्या सर्वांना करावे लागते. आपल्या जुन्या लोकांना हे कळत होते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला, तेथे कढई चढत नसे, आणि शेजारी व नातलग तेथे फराळ नेऊन देत. डब्याच्या निमित्ताने माणसे दाराशी येत, दोन घटका बसत, गेलेल्याविषयी बोलत. आता 'त्यांच्याकडे यंदा दिवाळी नाही' म्हणून आपण नेमके त्याच दारावरून पुढे जातो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वृद्धांचे आणखी एक निराळे दुःख आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांचे पाय तेथे रुजलेले आहेत. पण मुलाच्या नोकरीमागोमाग सत्तराव्या वर्षी बंगळूरला किंवा गुरुग्रामला गेलेल्या आईवडिलांचे तसे नाही. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याशी बोलायला भाषा नाही, आणि नातवाशी बोलायला त्याची भाषा पुरत नाही. सणाला त्या गावच्या महाराष्ट्र मंडळात त्यांना घेऊन जाणे ही करमणूक नव्हे, गरज आहे. मराठीत कोणीतरी 'काय, कसं काय?' म्हणून विचारावे, एवढ्यासाठी माणूस दोन तासांचा प्रवास करतो.

आणि जी मुले सातासमुद्रापार आहेत, त्यांनी काय करावे? दूरध्वनीवर आता चेहरा दिसतो, हे वरदानच आहे. मात्र आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचे दिवे लागतात तेव्हा कॅलिफोर्नियात पहाट असते. घाईघाईने तीन मिनिटे सर्वांचे हात हलतात, 'नमस्कार कर, नमस्कार कर' होते आणि पडदा काळा होतो. त्यानंतरची शांतता ही आधीच्या शांततेपेक्षा वाईट असते. यापेक्षा आठवड्याचा एक वार आणि एक वेळ ठरवून टाकावी आणि ती मोडू नये. त्या वेळेची वाट पाहण्यातच दोन दिवस जातात. बोलतानाही 'जेवलात का, औषध घेतले का' या चौकशीपलीकडे जाऊन एखादी गोष्ट विचारावी, सल्ला मागावा. करंजीचे सारण कोरडे का होते, हा प्रश्न न्यू जर्सीहून विचारला तर त्याचे उत्तर पंधरा मिनिटे चालते.

वृद्धाश्रमांविषयी थोडे बोलतो. दिवाळीच्या आठवड्यात तेथे मिठाईच्या पेट्यांची रीघ लागते. गट येतात, गाणी म्हणतात, छायाचित्रे काढतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण दहा गटांनी एका आठवड्यात येण्याऐवजी एका माणसाने दहा महिने, दरमहा एका ठरलेल्या दिवशी, एकाच आजोबांकडे जावे, असे मला वाटते. मिठाईपेक्षा ओळख हवी असते, आणि ओळख एका दिवसात होत नाही. शिवाय त्यांतील अनेकांना मधुमेह असतो.

वृद्धांशीही दोन शब्द बोलायला हवेत, कारण हे ऐकणाऱ्यांत ते अनेक असतील. 'मला काही नको, माझे काय राहिले आहे' हे वाक्य आपल्या तोंडी फार लवकर बसते. मुले ते खरे मानतात. हवे असेल ते मागावे. आमंत्रणाची वाट पाहण्यापेक्षा शेजारच्या तुमच्यासारख्याच एकट्या माणसाला आपणच चहाला बोलवावे. जवळपास ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्याची पायरी चढावी. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत सुरू केलेला हास्यक्लब आज गावोगावच्या बागांत भरतो. तेथले हसणे सुरुवातीला थोडे कसनुसे वाटते, पण हसून झाल्यावर जो चहा होतो, त्याला तोड नाही. अगदी कोणीच नसेल, तर केंद्र सरकारने २०२१ साली वृद्धांसाठी देशभर सुरू केलेला १४५६७ हा विनामूल्य क्रमांक आहे. आणि झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल व हे दोन आठवडे टिकले असेल, तर ते सणाचे उदासपण नव्हे. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही.

शेवटी एका हिशेबाकडे लक्ष वेधतो. सगळी धावपळ वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत असते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बॅगा भरल्या जातात, गाड्या सुटतात, आणि संध्याकाळी घरात एकदम आवाज थांबतो. अंगणात विझलेल्या पणत्या आणि अर्धी पुसलेली रांगोळी असते. वृद्धांना खरा कठीण तो आठवडा जातो. आपल्या पंचांगाने मात्र दिवाळी तेथे संपवलेली नाही. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात; पूर्वी फराळाचे डबे तोवर पुरवून ठेवीत. भाऊबीजेनंतर दहा दिवसांनी, सर्व पाहुणे गेल्यावर, तो दिवस येतो. ऊस, चिंचा, आवळे एवढीच सामग्री लागते. अंतरपाट धरायला दोन माणसे हवीत, आणि मंगलाष्टके पाठ असलेला एक माणूस हवा. तो बहुतेक आपल्याच जिन्यात, तळमजल्यावर, एकटा राहत असतो. द्वादशीच्या दोन दिवस आधी त्याच्याकडे जाऊन विचारावे, म्हणजे त्याला चष्मा पुसून, कडवी आठवून तयारीत राहता येईल.